रुपेरी की निळी?

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या कोपऱ्यात एक वेताची काठी उभी असते. दोन हात लांब, एका टोकाला कापडाचा बोळा आणि त्यावर ताणून बांधलेलं मऊ कातडं. काठी माझ्या आजोबांची. ते माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये रंगारी होते, आणि रंगाऱ्यांमध्येही रेघ ओढणारे. डब्याच्या अंगाला हा बोळा टेकवायचा, काठीवर मनगट ठेवायचं आणि ब्रश धरलेला हात तिच्या आधारानं सरकवत न्यायचा. रंग ओला असताना हात डब्याला लागता कामा नये, म्हणून ही काठी. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ जायची आणि कुठे केसभरही जाड-बारीक व्हायची नाही, असं आजी सांगायची. आजीनं वर्कशॉप आतून कधी पाहिलं नव्हतं. पण संक्रांतीच्या सुगडांवर आजोबांनी ओढलेल्या रेघा तिनं पाहिल्या होत्या.

माटुंग्याचं वर्कशॉप १९१५ सालचं. इंजिनं परळला आणि डबे माटुंग्याला, अशी जी.आय.पी. रेल्वेची वाटणी. आजोबा राजापूरकडच्या गावातून मुंबईला आले आणि १९२९ साली तिथे लागले. वय एकोणीस. आधी घासकाम, मग अस्तर, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी रेघ. ही शिडी चढायला एरवी माणसाची दहा वर्षं जायची. आजोबांना मात्र पहिल्या वर्षातच एका मोठ्या कामावर मदतीला घेतलं गेलं. त्या कामाबद्दल ते आयुष्यभर एकच वाक्य बोलायचे, "मी राणी रंगवलीय."

राणी म्हणजे डेक्कन क्वीन. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली. पुण्याला तेव्हा दख्खनची राणी म्हणत, तेच नाव गाडीला दिलं. डब्यांचे सांगाडे, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटी, इंग्लंडहून आल्या आणि वरचे डबे माटुंग्याला बांधले गेले. त्यामुळे राणीचं रूप, तिचा रंग, तिच्या अंगावरची प्रत्येक रेघ ही माटुंग्याच्या माणसांच्या हातची. साहेबाची गाडी असा तिचा उल्लेख झाला की मला आजोबांचा मदतनीस हात आठवतो.

रंगकाम कसं चालायचं हे आजोबा फार रंगवून सांगत. लोखंडाला आधी शेंदूर, हनुमानाला लावतो तोच. त्यावर खाचाखोचांतून लांबी भरायची. ती वाळली की पाणी मारत मारत घासायची, इतकी की डोळे मिटून तळहात फिरवला तर जोड कुठे आहे ते कळू नये. मग अस्तर, मग रंगाचे हात, आणि प्रत्येक हातानंतर पुन्हा घासणं. जवसाच्या तेलातला रंग. वाळायला पावसाळ्यात दिवसचे दिवस लागत. शेवटी व्हार्निश. त्या दिवशी शेडमध्ये जमिनीवर पाणी शिंपडायचं, दारं लावून घ्यायची, चपला बाहेर. धुळीचा एक कण बसला तर सगळा पत्रा पुन्हा घासावा लागे. "देवळासारखं वाटायचं," आजोबा म्हणत.

आणि मग ते रंग सांगत. इथेच माझी चूक झाली.

मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. गॅलरीत रात्री गाद्या घातल्या की गोष्टी निघत. एका रात्री आजोबांनी सांगितलं, राणी रुपेरी होती. उन्हात उभी केली की डोळे दिपायचे. आणि तिच्या उठावाच्या पट्ट्या लालभडक, कुंकवासारख्या. वाफेच्या इंजिनामागे असला रंग कोणी लावला नसता, चार दिवसांत काजळी बसली असती, पण ही गाडी विजेवरची. ते म्हणाले ते खरंच होतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि पुढच्या पाच वर्षांत तारा घाट चढून पुण्याला पोहोचल्या. तारा पोहोचल्या म्हणून रुपेरी रंग सुचला, असं आजोबांचं ठाम मत होतं, आणि मला अजूनही ते पटतं.

पण पुढे कधीतरी, बहुधा गणपतीत, पाहुणे जमलेले असताना आजोबा म्हणाले, राणी निळी होती. गडद निळी, राजाच्या अंगरख्यासारखी, आणि तिच्यावर सोनेरी रेघा.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आजोबा, मागे तर रुपेरी म्हणाला होता."

"हो, रुपेरीच."

"मग निळी?"

"तीही."

कोणीतरी हसलं. मीही हसलो. वय झालं की असं होतं, असं माझ्या मनात आलं, आणि ते बहुधा चेहऱ्यावरही दिसलं असावं. आजोबांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि विषय बदलला. त्यानंतर राणीची गोष्ट त्यांनी माझ्याजवळ पुन्हा काढली नाही. १९७६ साली ते गेले.

पुण्याला नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी, डेक्कन क्वीनच्या वाढदिवसानिमित्त आलेला एक लेख मी स्टेशनवर उभ्या उभ्या वाचला. राणीचे रेक, म्हणजे डब्यांचे संच, दोन होते. प्रत्येकी सात डब्यांचे. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. आजोबांनी जे सांगितलं होतं ते शब्दन् शब्द तिथे छापलेलं होतं. समोर लोकल लागली, गर्दी चढली, गाडी सुटली. मी तिथेच उभा होतो.

रेल्वेच्या डब्यांचे रंग या विषयाचा नाद मला त्या दिवसापासून लागला.

तोवर मला वाटायचं की जुनी गाडी कशी दिसत होती हे फोटोवरून कळतं. कळतं ते आकाराचं. खिडक्या किती, दारं कुठे, छताला गोलाई किती, हे सगळं फोटोत असतं. रंग नसतो. एवढंच असतं तरी ठीक होतं, पण त्या काळच्या पुष्कळशा फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल पट्टी फोटोत काळी उमटायची आणि निळा पत्रा फिकट, पांढुरका यायचा. म्हणजे १९३० च्या एखाद्या फोटोत राणी फिकट दिसली तरी ती रुपेरी असेलच असं नाही, आणि तिच्या अंगावरच्या काळ्या पट्ट्या प्रत्यक्षात कुंकवासारख्या असू शकतात. जो माणूस हातात ब्रश घेऊन समोर उभा होता त्याचं सांगणं मी बाजूला सारलं होतं, आणि विश्वास ठेवला असता तो अशा फोटोवर.

आमच्या घरातल्या प्रत्येक पिढीची राणी वेगळी आहे. आजोबांची रुपेरी आणि निळी. आजीची राणी १९५५ सालची. त्याआधीची पंचवीस वर्षं या गाडीला फक्त वरचे वर्ग होते. आधी पहिला आणि दुसरा. १ जानेवारी १९४९ ला पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते जून १९५५ मध्ये. म्हणजे ज्यानं ती रंगवली त्याला तिच्यात बसायला पंचवीस वर्षं थांबावं लागलं. तिसरा वर्ग सुरू झाल्याचं कळताच आजोबांनी रीतसर तिकिटं काढली, आजीला नवं लुगडं घेतलं आणि माझ्या वडिलांना बरोबर घेऊन बोरीबंदरला गेले. पुण्याला काहीही काम नव्हतं. गाडीत चढण्याआधी ते फलाटावरून शेवटच्या डब्यापासून चालत निघाले, खिडक्यांखालून तळहात फिरवत. आजी लाजून चूर. "अहो, लोक बघतायत," ती म्हणाली. आजोबा एका डब्यापाशी थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही रेघ दुसऱ्याच्या हातची आहे. पण बरी आहे." हे आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज आजोबांसारखा व्हायचा.

माझी राणी त्यानंतरची. १९६६ मध्ये जुने रेक गेले आणि मद्रासमधल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतले पोलादी डबे आले. डबे सातांचे बारा झाले. निळा, पांढरट आणि त्यात लाल रेघ, असा तिचा रंग माझ्या डोळ्यांत बसलाय. सिंहगड उतरल्यावर दमलेल्या माणसाला ताक दिसावं तसा तो रंग खडकीच्या पुढे दिसायचा. बाकीच्या गाड्या तेव्हा सगळ्या विटकरी, मातकट लाल. लांबून गाडी येताना दिसली की ती आपली राणी आहे की कुठली दुसरी, हे नंबर न वाचता लहान मुलालाही सांगता यायचं. मुलाच्या पिढीत तो लाल रंग गेला आणि निळे डबे आले. ते नुसतं रूप बदलणं नव्हतं. लाल डब्यांचे ब्रेक व्हॅक्यूमवर चालत, निळ्यांचे हवेच्या दाबावर, आणि हे दोन प्रकार एका गाडीत एकत्र जोडून चालत नाहीत. रंग पाहूनच कळायचं की हा डबा कुठल्या जातीचा. नव्वदच्या दशकात हा बदल जोरात झाला आणि लाल डबे बघता बघता दिसेनासे झाले. नातीची राणी तर अगदीच नवी. २२ जून २०२२ ला ती एलएचबी डब्यांची झाली, हिरवी-लाल, मध्ये पिवळा पट्टा. नातीला तीच खरी वाटते. वाटू द्यावी.

मॉडेल रेल्वेकडे मी वळलो तो कोथरूडमुळे. भाऊसाहेब जोशी यांनी तिथे लघुरेल्वेचं संग्रहालय उभं केलं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. खोलीभर पसरलेलं गाव, सिग्नल, पूल, घाट, आणि त्यातून फिरणाऱ्या बोटभर उंचीच्या गाड्या. मी मुलाला घेऊन गेलो होतो. मुलगा अर्ध्या तासात कंटाळला, मी बाहेर निघेना. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की आजोबांची राणी अशी करता येईल. दोन्ही.

हा छंद करणाऱ्या भारतीय माणसापुढे पहिलीच अडचण रुळांची येते. जगभर सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. युरोपातले रूळ १४३५ मिलिमीटर रुंद, म्हणून एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर. आपले रूळ १६७६ मिलिमीटर रुंद. सत्त्याऐंशीनं भागलं तर सव्वाएकोणीस येतात, आणि तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. मग डबा बरोबर मापाचा करायचा आणि साडेसोळाच्या रुळांवर उभा करायचा. धिप्पाड पहिलवानानं पाय जुळवून उभं राहावं तसा तो दिसतो. काही हौशी लोक रूळसुद्धा स्वतः घालतात. एकेक पट्टी सोल्डर करून, एकेक स्लीपर चिकटवून. त्यांना माझा नमस्कार. मी साडेसोळाच्या रुळांवरच राहिलो, कारण माझं सगळं लक्ष वर होतं, रंगावर.

डबे मी पुठ्ठ्याचे आणि प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे केले. पेरांबूरचा डबा साडेएकवीस मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे या प्रमाणात जेमतेम वीतभर. त्या मापाच्या डब्यांवर हात बसवून घेतला आणि मग १९३० च्या राणीला हात घातला. वर्ष गेलं. पुठ्ठा कापायला वेळ लागत नाही. रंगाला लागतो.

रुपेरी रंगाची डबी आणून मी पहिला डबा रंगवला आणि तो स्टीलच्या डब्यासारखा दिसायला लागला. कारण सोपं होतं. रुपेरी रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते. खऱ्या डब्यावर तिचे कण दिसत नाहीत. सत्त्याऐंशीपट लहान डब्यावर तेच कण वाळूसारखे चमकतात. तसंच चमकीचं. खरी गाडी आपण पाच-पन्नास फुटांवरून बघतो, मधल्या हवेनं तिची झळाळी उतरलेली असते. टेबलावरचा डबा हातभर अंतरावर असतो. त्याला तेवढीच झळाळी दिली तर तो खेळणं दिसतो. म्हणून या छंदातली जाणती माणसं मूळ रंग जसाच्या तसा लावत नाहीत, थोडा पांढरा मिसळून त्याचा ताठा कमी करतात. मी रुपेरीत फिकट राखाडी मिसळत गेलो. सातव्या की आठव्या वेळी डबा खिडकीत ठेवला, चार पावलं मागे सरलो, आणि तो मला गाडीसारखा दिसला.

रेघेचं गणित आणखी बिकट. अर्धा इंच जाडीची खरी रेघ या प्रमाणात मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढी होते, दोन केस शेजारी ठेवावेत तेवढी. ब्रशनं ती येत नाही. मी रूलिंग पेन वापरतो, पूर्वी नकाशे काढणाऱ्यांच्या पेटीत असायचं ते. दोन पाती, मध्ये स्क्रू, पात्यांच्या फटीत रंगाचा थेंब. स्क्रू पाव फेरा फिरवला की रेघ बदलते. रंग दाट असला तर उतरत नाही, पातळ असला तर ओघळतो. श्वास रोखून ओढायची. मध्येच थांबलं तर थांबल्या जागी गाठ येते. पहिली सरळ लाल रेघ जमली तेव्हा माझा हात कशाच्या तरी आधाराला टेकला होता. बघितलं तर देव्हाऱ्याजवळची आजोबांची काठी मी नकळत टेबलावर आडवी घेतली होती.

त्याच संध्याकाळी मी ती काठी भिंगाखाली धरली. तोवर ती आठवण म्हणून जपली होती, तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. मुठीच्या जागी वेत गुळगुळीत झालाय. बोळ्याजवळ मात्र रंगाचा खपला आहे, चाळीस वर्षांच्या थेंबांचा, एकावर एक. सुईच्या टोकानं मी कडेचा एक कण उकरला. वर विटकरी लाल, जाड थर. त्याखाली पिवळट करडा काहीतरी. त्याखाली पुन्हा लाल, जास्त तेजस्वी. आणि अगदी वेताला चिकटून एक निळा. तो निळा मला हिरवट दिसला. क्षणभर वाटलं, चला, आणखी एक रंग निघाला. पण जवसाच्या तेलातलं व्हार्निश वर्षांनी पिवळं पडतं आणि पिवळ्याखालचा निळा हिरवाच दिसणार. नव्वद वर्षांपूर्वी तो किती गडद होता, हे त्या कणावरून सांगता येत नाही. रुपेरी तर काठीवर कुठेच सापडला नाही. आजोबा असते तर एका वाक्यात उलगडा झाला असता. "राजाच्या अंगरख्यासारखा" एवढंच माझ्याजवळ उरलंय, आणि मी रंग त्यावरूनच मिसळतोय.

आज रुपेरी रेक पूर्ण आहे. सात डबे, लाल पट्ट्या, काचेच्या पेटीत. निळ्याचे तीन डबे झालेत, चार व्हायचेत. दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या करून एक दिवस गॅलरीतले दिवे लावायचे, एवढी इच्छा आहे.

आपल्याकडे रेल्वेत चाकरी केलेली घरं हजारोंनी आहेत. माटुंगा, परळ, भुसावळ, कुर्डुवाडी, मनमाड, दौंड, सोलापूर. कुणाचे वडील फिटर, कुणाचे काका सुतार, कुणाची आत्या बुकिंगच्या खिडकीत. कारखान्यातल्या नोंदी रद्दीत जातात, डबे भंगारात जातात, फोटोत रंग नसतो. तुमच्या घरात असं कोणी अजून असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. डब्याचा रंग कसा होता, आतल्या बाकांचा कसा होता, पाटीवरची अक्षरं कुठल्या रंगाची होती, एवढंच विचारा आणि वहीत लिहून घ्या. रंगाची तुलना ते ज्या वस्तूशी करतील, कुंकू, जांभूळ, ताक, ती वस्तूही लिहा. आणि एकाच माणसानं दोन वेगळे रंग सांगितले, तर त्याला अडवू नका. दोन्ही लिहा.